गादीआडचं गाणं

सोमवार, ता. ३

आणि सगळ्यांच्या आधी कोण टपकलं असेल? विहीणबाई! गाडी यायची होती अकराला, ह्या नऊलाच माझ्या खुर्चीत बसून माझ्याच कपातून चहा पिताहेत. वर तोंड करून म्हणतात, "म्हटलं तुम्हाला तेवढीच मदत." कसली मदत! नात गाडीतून उतरली की पहिली मिठी कुणाला मारते, त्याची शर्यत होती ती. मी दारात उभी राहिले तर ह्या जाऊन फाटकापाशी उभ्या. काडीसारखी बाई, कुठल्याही फटीतून पुढे सरकते. माझं हे असं अंग, मी पायरीवरच. पहिली मिठी त्यांना गेली. दुसरी मला, पण माझी जास्त वेळ चालली, कारण मी सोडलंच नाही.

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. दोन गल्ल्या सोडून राहतात. मुलगा-सून नोकरीपायी लांब, त्यामुळे नातीवर हक्क सांगायला इथे आम्ही दोघी म्हाताऱ्याच. नात म्हणजे बबडी. पोस्टरवर तिचं वेगळंच नाव असतं, ते मला नीट म्हणता येत नाही. ते लाल चपलांचं गाणं आहे ना, ज्यावर पोरंसोरं दुकानातसुद्धा नाचतात, ते हिचं. माझी नात ती! औषधवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काय सांगता आजी!" आणि खोकल्याची बाटली द्यायचीच विसरला.

ही डायरीही तिनंच दिली. म्हणाली, "आजी, कार्यक्रमात असले की मला फोन घेता येत नाही. तू फोनवर जे बोलतेस ते सगळं यात लिही." माझं शिक्षण चौथीपर्यंत. जोडाक्षर आलं की पेन अडखळतं. पण तोंड कधी अडखळलं नाही, म्हणून निभतंय.

बबडीबरोबर एक आवाजवाला आलाय. गप्प माणूस. गळ्यात मोठे कानाचे टोप, हातात वायरींची भेंडोळी. आठवडाभर इथेच राहून गाणी रेकॉर्ड करायची म्हणे. मी विचारलं, "अगं तुझ्याकडे एवढा चकचकीत स्टुडिओ असताना माझ्या घरात काय ठेवलंय?" तर म्हणाली, "ही गाणी तिथे येत नाहीत गं. ती इथलीच आहेत."

मला काय, आनंदच.

मंगळवार, ता. ४

घराची दशा बघवत नाही. मधल्या खोलीच्या खिडक्यांवर रजया, दारावर माझी गादी उभी टांगलेली. आवाजवाल्यानं भिंतीवरचं घड्याळ बंद केलं. फ्रीज घरघरतो म्हणून तोही बंद, दूध नासलं. कुकर लावायला निघाले तर पळत आला, "आजी, शिट्टी नको!" म्हटलं, "बरं बाबा, कच्चे बटाटे खा मग." तेव्हा पहिल्यांदा हसला. चांगला आहे पोरगा. दात मात्र पिवळे आहेत.

दुपारी बबडीनं मला जवळ बसवलं. म्हणाली, नवी गाणी नाचायची नाहीत. काळी आहेत, घरातली आहेत, खरी आहेत. कंपनीचा मॅनेजर वैतागलाय. आणि त्यातल्या एका गाण्याला माझा होकार लागेल. "तू नको म्हणालीस तर ते येणार नाही, आजी. त्याच्या जागी मॅनेजरला हवं तसलं एक उड्या मारायचं गाणं जाईल."

"मग ऐकव की."

"पूर्ण झालं की. अर्धं ऐकून तू सुतावरून स्वर्ग गाठतेस."

हे मात्र खोटं आहे. मी कधीच तसं करत नाही.

गाणं माझ्यावर असणार, दुसरं काय? हिला वाढवली कुणी? आई-बाप कामावर, ही सहाव्या वर्षापर्यंत माझ्या कुशीत. केसातल्या उवा मी काढल्या. विहीणबाई तेव्हा तब्येत जपत होत्या. त्यांच्या न्हाणीघरात वजनाचा काटा आहे, रोज त्यावर उभ्या राहतात, आणि उतरल्यावर मला फोन करून आकडा सांगतात.

काट्यावरून आठवलं. आमच्या ह्यांचा धंदाच तो, वजनकाटे दुरुस्त करायचा. किराणावाल्याचा तराजू, भंगारवाल्याचा मोठा काटा, सोनाराचा नाजूक, सगळे ह्यांच्या हातचे. गावभर काटेवाले म्हणूनच ओळख. बबडीला सुट्टीत बरोबर घेऊन हिंडायचे. दवाखान्यात बाळांना वजन करायचा काटा असतो ना, त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. मी विचारलं तर म्हणायचे, "त्या काट्यावर धंदा करायचा नसतो." तिरसट माणूस. पण हाताचा अंदाज असा की नुसता भोपळा उचलून वजन सांगायचे. बोलायचे मात्र कमी. जाऊन आता सहा वर्षं होतील. माझ्यासमोर ते कधी रडले नाहीत. मुलगा झाला तेव्हा नाही. त्याच्या आधी एक मुलगी झाली होती, ती आली तशीच गेली, मला दाखवलीसुद्धा नाही, तेव्हाही नाही. आता तिचं काय लिहायचं. बटाटे शिजले असतील.

बुधवार, ता. ५

रेकॉर्डिंग म्हणजे मला वाटलं होतं वाजतगाजत असेल. छे! वाजणारं सगळं ह्या दोघांच्या कानाच्या टोपात. बाहेर आपल्याला फक्त बबडीचा उघडा आवाज, तोही गादीतून गाळून. आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतच नाहीत! एक ओळ घ्यायची, ती घोटत बसायची, मग भलतीकडचीच दुसरी. आवाजवाला म्हणाला, शेवटचं कडवं आधी, पहिलं सगळ्यात शेवटी. "पहिलं म्हणताना बबडीताईंचा आवाज फुटतो, म्हणून ते मागे ठेवलंय."

मी गादीला पाठ लावून कपड्यांच्या घड्या करत बसले. ऐकत नव्हते, पण कान काही काढून ठेवता येत नाहीत. आजची ओळ अशी:

*माझ्याकडे बघताना तो तुलाच बघायचा.*

तो म्हणजे कोण? तू म्हणजे कोण? मी तीच घडी तीनदा घातली.

विहीणबाई आल्याच होत्या. म्हणाल्या, "आवाज किती खोल गेलाय पोरीचा. माझ्या आईचा असाच होता." झालं! आवाजही त्यांच्याच घराण्याचा.

गुरुवार, ता. ६

आज बबडी जेवताना म्हणाली, "आजी, ते गाणं आजोबांवर आहे."

माझ्यावर नाही.

मी हसले. म्हटलं, "वा, छान." आणि वाढताना हिच्या ताटात मीठ सांडलं. आता खरं सांगू का? मला राग आला. मेलेल्या माणसाचा हेवा कुणी करतं का? पण उवा मी काढल्या आणि गाणं ह्यांना! ह्यांनी काय केलं, तर पोरीला दुकानोदुकान हिंडवलं आणि बाकावर बसवून ठेवलं.

दुपारी दोन ओळी ऐकल्या.

*मला बाकावर बसवून तो तुझ्याकडे जायचा,*
*पांढरं दार, आणि दाराआड तू.*

हातातली उशी खाली पडली माझ्या. तुझ्याकडे? कुणाकडे? पांढऱ्या दाराच्या घरात माझ्या नवऱ्याचं काय काम?

मॅनेजरचा फोन आला होता. बबडीनं फोन टेबलावर ठेवूनच बोलणं केलं, त्यामुळे मीही ऐकलं. "अहो, लोक दिवसभर राबून घरी येतात, त्यांना नाचायचंय! तुम्ही त्यांना रडवणार?" बबडी म्हणाली, "नाचून झाल्यावर घरी जातात ना, तिथलं आहे हे." मला तिचा अभिमान वाटला. पण पांढरं दार डोक्यातून जाईना.

शुक्रवार, ता. ७

मी देवाला विचारते, एवढी वर्षं मी काय आंधळी होते?

आज सकाळची ओळ:

*किती हलकी होतीस तू, अजून त्याच्या हातांत आहेस.*

हीच ओळ पुन्हा पुन्हा. आवाजवाला म्हणायचा, "'हलकी'वर अजून थोडं थांबा." आणि ती थांबायची. मी बाहेर बटाटे सोलतेय आणि आतून आपलं हलकी, हलकी, हलकी. मला ह्यांनी जन्मात उचललं नाही. लग्नाच्या दिवशी नदी ओलांडायची होती तेव्हा म्हणाले, "तू माझा हात धर, आपण दोघं चालू." मला तेव्हा ते फार सभ्य वाटलं होतं!

आणि संध्याकाळची ओळ तर ऐका.

*घरी सांगू नकोस, म्हणायचा. ती मोडून जाईल.*

ती म्हणजे मी. एवढं मला कळतं, चौथी झालेली असले तरी. नवरा लपूनछपून जातो, बरोबर सात वर्षांची नात, तिला सांगतो घरी सांगू नकोस. आणि पोरीनं इतकी वर्षं पोटात ठेवलं, आता सगळ्या जगाला गाऊन सांगणार. आणि होकार मी द्यायचा!

भाजीत तिखट दोनदा पडलं. आवाजवाला पाणी पीत राहिला.

मग एकेक जुळत गेलं. हलकी कोण? काडीसारखी कोण? वजनाचा काटा कुणाच्या घरी बिघडायचा, आणि तो दुरुस्त करायला कोण जायचं, हातात पेटी घेऊन, केस विंचरून? आणि पांढरं दार! विहीणबाईंचं दार पांढरं नाही तर काय काळं आहे? आणि आज 'हलकी' ऐकताना रुमालानं डोळे कोण पुसत होतं, ते मी पाहिलंय.

शनिवार, ता. ८

लिहायची लाज वाटते, पण बबडीनं सगळं लिही म्हटलंय.

विहीणबाई आल्या, बसल्या, आणि आतून ती ओळ सुरू होताच रुमाल काढला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "रडा, रडा. तुमचंच गाणं आहे."

"माझं?"

"मग काय माझं? मी हलकी आहे का? मला उचलायला क्रेन लागेल."

"अहो विहीणबाई, काय बोलताय तुम्ही?"

"पांढरं दार कुणाचं आहे? न्हाणीघरातला काटा दरवेळी कुणाचा बिघडायचा? मी खुळी इथे त्यांना डबा भरून द्यायची!"

त्यांना कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर तोंड असं उघडं पडलं की आतली कवळी हलली. "म्हणजे मी? आणि काटेवाले? अहो, तुमच्या नवऱ्याशी मी 'चहा घ्या' याच्यापुढे कधी बोलले नाही, आणि ते 'नको' याच्यापुढे! एकदा मी म्हटलं, काटा दोन किलो जास्त दाखवतोय, तर मला म्हणाले, काटा बरोबर आहे. त्यानंतर मी त्यांना बोलावलंच नाही!"

हे ह्यांच्या स्वभावाला धरून होतं. मी जरा ढेपाळले. तरी म्हटलं, "आणि दार?"

"दाराला पांढरा रंग मागच्या वर्षी लावला हो! त्याआधी हिरवं होतं. शेवाळ्यासारखं दिसतं म्हणून गावभर तुम्हीच नावं ठेवलीत की!"

खरंच ठेवली होती.

मग त्यांना हसू फुटलं. मलाही. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसलो. असं हसणं आमचं मुलांच्या लग्नातसुद्धा झालं नव्हतं. डोळे पुसत मी विचारलं, "मग रडत का होता तुम्ही?"

"अहो, पोरीचा आवाज ऐकून. तुम्हाला काय वाटलं!" मग थांबून म्हणाल्या, "पण कुणीतरी आहे खरी त्यात. हलकी, हातात मावणारी."

तेवढ्यात गादी बाजूला झाली. आवाजवाला म्हणाला, "आजी, हे सगळं रेकॉर्ड झालं." त्याच्यामागे बबडी. कान लाल, चेहरा पांढरा. ती हसत नव्हती.

"आजी," म्हणाली, "पहिलं कडवं आज सकाळी झालं. आता ऐक."

तिनं ते टोप माझ्या कानांवर ठेवले. जड असतात. आधी एक बारीक वाद्य वाजलं, मग ती. पहिलं कडवं हे आहे, तिच्याकडून लिहून घेतलंय:

*माझ्या बापाच्या आधी आलीस,*
*नाव ठेवायच्या आत गेलीस.*
*काट्यावर तुला ठेवणारे हात*
*मला बोट धरून चालवत राहिले.*

त्याच्यापुढे मग बाक, पांढरं दार, हलकी, सगळं ओळीनं आलं. दवाखान्यातल्या बाळांच्या खोलीचं दार होतं ते.

आज एवढंच.

रविवार, ता. ९

काल पुढे लिहायला हात चालला नाही.

ती गेली तेव्हा मी शुद्धीत नव्हते धड. घरच्या मोठ्यांनी ठरवलं, हिला दाखवू नका, वेडी होईल. पण ह्यांना नर्सनं आत बोलावलं होतं. काट्यावर ठेवायला त्यांच्याच हातात दिली होती. हे मला आज कळलं, आणि कुणाकडून, तर नातीकडून. दरवर्षी त्या दिवशी तो काटा तपासायला जायचे. बिघडलेला नसायचाच. बबडीला बाहेर बसवून आत एकटे उभे राहायचे, आणि बाहेर आले की डोळे लाल. एकदा तिनं विचारलं तेव्हा सांगितलं. पेटीतली वजनं काढून तिच्या ओंजळीत ठेवली. "एवढी होती," म्हणाले.

मी बबडीला म्हटलं, "तुला दाखवलं."

"हो."

"सात वर्षांच्या पोरीला दाखवलं. मला नाही."

ती माझा हात धरायला आली, मी काढून घेतला. काय करणार, आलाच राग. विहीणबाईंवर आठवडाभर जळले ते बरं होतं. ते जळणं कसं, तव्यावरचा थेंब, चुर्र झालं की संपलं. हे तसं नाही. रडले ते माझ्यापासून लपून, तिला हातात घेतली ते मला सोडून, आणि वजन सांगितलं तेही भलतीला. मला वाटायचं ह्या माणसाच्या मनात काही नाहीच. मी एकटीच आठवण काढते.

बबडी म्हणाली, "मला तिचा किती राग यायचा, आजी. आजोबा माझ्या केसांवरून हात फिरवायचे आणि मला कळायचं, हे माझ्यासाठी नाही. न पाहिलेल्या बाळावर मी जळायचे. ते लिहिलं तेव्हा कुठे गळा मोकळा झाला."

"मीही चार दिवस तिच्यावरच जळत होते की," मी म्हटलं. "फक्त मला ती विहीणबाई वाटली."

मग तिनं धरलेला हात मी राहू दिला.

पण होकार दिला नाही.

मंगळवार, ता. ११

काल काही लिहिलं नाही. आवाजवाल्यानं फ्रीज चालू करून दिला, एवढंच झालं.

आज मॅनेजरचा फोन. संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर त्या जागी नाचायचं गाणं टाकतो. बबडी फोन ठेवून गादीआड गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि हेच मला लागलं. तिनं आग्रह केला असता तर मी नाही म्हणाले असते, एवढी मला माझी ओळख आहे.

विहीणबाई कांदा चिरत होत्या. हो, आता मदत करतात खरी. मी विचारलं, "तुम्ही काय कराल?" म्हणाल्या, "माझा नवरा माझ्यासमोर रोज रडायचा, विहीणबाई, साधं डोकं दुखलं तरी. त्यापेक्षा तुमचे बरे." मग म्हणाल्या, "चांगलं गाणं आहे. पण त्यात तुम्ही फक्त मोडणाऱ्या."

तेच! तेच खुपत होतं मला, आणि सांगता येत नव्हतं. गाण्यात हे आहेत, बबडी आहे, ती आहे. मी आहे ती फक्त 'ती मोडून जाईल' एवढ्यापुरती. आणि दुसरं ते, हलकी.

मी गादी सारून आत गेले. म्हटलं, "बबडे, गाण्यात एक चूक आहे."

"कुठली?"

"हलकी कुणाला म्हणता? ह्यांच्या हातात ती घटकाभर. माझ्या पोटात नऊ महिने. तिला घेऊन मी पाण्याच्या कळशा उचलल्या, जिने चढले, पाय सुजून खांबासारखे झाले. ती हलकी नव्हती. ज्यांनी घटकाभर धरली त्यांना हलकी लागणारच. आणि मी मोडले नाही. मला कुणी विचारलं तरी का?"

बबडी उठलीच नाही. जमिनीवर बसल्या बसल्या लिहून घेत होती. आवाजवाल्याचं तर पाणी प्यायचं राहिलं. शेवटी म्हणाला, "आजी, पुन्हा एकदा म्हणाल का? असंच?"

"आता नाही. आता घसा बसलाय माझा ओरडून."

"पण होकार?" बबडीनं विचारलं.

"हे घातलंस तर. शेवटी घाल. ह्यांचं संपल्यावर माझं."

तिनं मॅनेजरला फोन केला. पलीकडून तो बराच वेळ काहीतरी बोलत होता. ही फक्त म्हणाली, "एक कडवं वाढलंय. नाही, नाचता येणार नाही त्यावर."

बुधवार, ता. १२

गेली आज दोघं. गादी परत पलंगावर, पण उभी टांगून मध्ये वाकलीय. आवाजवाल्याला दुसरं काम होतं, नाहीतर माझं कडवं आजच रेकॉर्ड झालं असतं. माझा घसाही अजून खरखरतोय. बबडी म्हणाली, ते कडवं ती गाणार नाही, माझ्याच तोंडून बोललेलं हवं. मी म्हटलं, मला सूर नाही. ती म्हणाली, सूर नकोच आहे, वजन हवंय. मी तिला एक टपली मारली.

विहीणबाई म्हणताहेत की सराव करून घेते तुमच्याकडून, 'जिने'नंतर श्वास घ्यायला विसरता तुम्ही. घेऊ देत. त्यांनाही काहीतरी हवं ना.

गुरुवारी येतो म्हणालेत, उद्याच्या नाही, पुढच्या. दुपारच्या आत.